घरातल्या मोठ्या फिशटँकला यूव्ही लावताना

सहा फुटी टाकीचं पाणी हिरवं झालं की आधी पाणी बदलून पाहिलं जातं, मग औषध टाकलं जातं आणि शेवटी यूव्ही, म्हणजे अतिनील दिवा बसवलेली नळी, आणला जातो. यूव्ही लागतो, निळा उजेड दिसतो, पण आठवडा उलटला तरी पाणी हिरवंच राहतं. अशा वेळी दोष बहुतेकदा दिव्यात नसतो. दिव्याजवळून पाणी किती वेगानं जातंय हे कुणी मोजलेलंच नसतं. खोक्यावर वॅट मोठ्या अक्षरांत छापलेले असतात, प्रवाहाचा आकडा मात्र आतल्या पत्रकात कुठेतरी बारीक अक्षरांत असतो. म्हणून या लेखात प्रवाहाबद्दल जरा जास्त लिहिलं आहे.

लेख गोड्या पाण्याच्या, साधारण ३०० लिटरपेक्षा मोठ्या टाक्यांसाठी आहे: ऑस्कर, अरोवाना, फ्लॉवरहॉर्न, डिस्कस, गोल्डफिश, घरातले कोई. समुद्री टाकीलाही तत्त्वं हीच लागू होतात. फक्त तिथे खाऱ्या पाण्यात गंजणारा स्टीलचा भाग कुठेही चालत नाही.

यूव्ही काय करतो, काय करत नाही

या दिव्यातून मुख्यतः २५४ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण निघतात. हा यूव्ही-सी पट्टा. पेशीतल्या डीएनएवर या किरणांचा मारा झाला की डीएनएची रचना बिघडते आणि त्या पेशीला पुढे वाढता येत नाही. शेवाळाची तरंगणारी पेशी असो, जिवाणू असो की परजीवीचं पोहणारं पिल्लू, पुरेसा डोस मिळाला तर तिघांचंही काम थांबतं.

मात्र किरण पोचतात ते फक्त यूव्हीच्या नळीतून जाणाऱ्या पाण्यापर्यंत. टाकीच्या काचेवर चिकटलेलं हिरवं शेवाळ, दगडांवरचे केसाळ धागे, झाडांच्या कडांवर येणारं काळं ब्रश शेवाळ यांना यूव्हीनं काहीही होत नाही. माशाच्या अंगात शिरलेला रोगही बरा होत नाही. अमोनिया, नायट्रेट कमी होत नाही. पाणी बदलण्याचा कंटाळा म्हणून यूव्ही लावायचा असेल तर पैसे वाचवा.

एक भीती कायम ऐकू येते, की यूव्हीनं फिल्टरमधले उपयुक्त जिवाणू मरतील. अमोनियाचं नायट्रेटपर्यंत रूपांतर करणारे जिवाणू सिरॅमिक रिंग, स्पंज, रेती अशा पृष्ठभागांना चिकटून राहतात, पाण्यात फारसे तरंगत नाहीत. रुळलेल्या, म्हणजे हे जिवाणू फिल्टरमध्ये नीट वसलेल्या, टाकीत यूव्ही चोवीस तास चालला तरी फिल्टर शाबूत राहतो. अपवाद नव्या टाकीचा. बाटलीतले जिवाणू नुकतेच ओतले असतील तर ते अजून तरंगत असतात, त्यामुळे फिल्टर रुळेपर्यंत यूव्ही बंद ठेवा.

आधी हिशेब, मग दुकान

पहिलं काम टाकीचे लिटर काढायचं. लांबी, रुंदी, उंची फुटांत मोजून गुणा आणि आलेल्या घनफुटांना २८.३ नं गुणा. ६ × २ × २ फुटांची टाकी २४ घनफूट, म्हणजे सुमारे ६८० लिटर. वरची दोन इंच रिकामी जागा, रेती आणि दगड वजा केले की प्रत्यक्ष पाणी ५८० लिटरच्या आसपास उरतं. पुढचा हिशेब या ५८० वर करायचा.

दुसरा आकडा डोसचा. डोस म्हणजे किरणांची तीव्रता गुणिले पाणी दिव्याजवळ राहिल्याचा वेळ. तो मिलिज्यूल प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये मोजतात. काही उत्पादक मायक्रोवॅट-सेकंद लिहितात, तेव्हा तीन शून्यं काढून टाका: ३०,००० म्हणजे ३०. हिरवं पाणी आणि बहुतेक जिवाणूंसाठी ३० च्या आसपासचा डोस धरतात. परजीवींसाठी ९० आणि त्यापुढे.

आता हे आकडे प्रत्यक्षात कसे उतरतात ते पाहू. ३६ वॅटचा यूव्ही घ्या. आतल्या नळीचा व्यास साडेसात सेंटिमीटर, मधल्या क्वार्ट्झ स्लीव्हचा (दिव्याभोवतीच्या पारदर्शक नळीचा) साडेचार, लांबी चाळीस. दोघांमधल्या पोकळीत सुमारे १.१ लिटर पाणी मावतं. ३६ वॅटच्या दिव्यातून यूव्ही-सी म्हणून साधारण १२ वॅटच बाहेर पडतात, बाकीची ऊर्जा उष्णतेत जाते. स्लीव्हमध्ये होणारी घट, पाण्यात शोषले जाणारे किरण आणि दिव्याचं वय धरून पोकळीत सरासरी ९ ते १० मिलिवॅट प्रति चौरस सेंटिमीटर तीव्रता उरते असं समजू.

तासाला १००० लिटर पाणी सोडलं तर ते आत चार सेकंद राहतं, डोस ४० च्या जरा आत. हिरव्या पाण्याला पुरेसा. तासाला ४०० लिटर सोडलं तर दहा सेकंद राहतं, डोस शंभराच्या जवळ. परजीवींच्या कामाला सुरुवात होते ती इथे. आणि तासाला २००० लिटर सोडलं, जे मोठ्या पंपाला सरळ जोडल्यावर सहज होतं, तर डोस २० च्या खाली घसरतो. दिवा तोच, वीज तेवढीच, काम मात्र निम्म्याहून कमी.

मग प्रवाह अगदीच बारीक का करू नये? कारण तेवढंच पाणी फिरत राहतं आणि उरलेल्या टाकीत शेवाळ वाढत राहतं. यूव्हीतून बाहेर पडलेलं पाणी टाकीत मिसळून पुन्हा आत येतं, त्यामुळे टाकीइतकं पाणी एकदा फिरलं तरी प्रत्यक्षात ६३ टक्केच पाणी दिव्याखालून गेलेलं असतं. तीन टाक्यांइतकं फिरल्यावर ९५ टक्के, साडेचारच्या वर गेल्यावर ९९ टक्के. ५८० लिटरच्या टाकीत तासाला ४०० लिटर प्रवाहानं ९९ टक्क्यांना पावणेसात तास लागतात, १००० लिटरनं पावणेतीन. हा हिशेब पाणी नीट मिसळतंय असं धरून आहे. दगडांमागचे कोपरे याला अपवाद असतात, म्हणून प्रत्यक्षात दिवस लागतात.

निवडीसाठी ढोबळ मापं अशी धरा. फक्त हिरव्या पाण्याचा त्रास असेल तर ४ × १.५ × २ फुटी, म्हणजे ३४० लिटरच्या टाकीला ९ ते ११ वॅट चालतो. परजीवींवरही उपयोग हवा असेल तर तिथेच १८ वॅट घ्या. पाच-सहा फुटी टाकीला हिरव्या पाण्यासाठी १८, पूर्ण उपयोगासाठी ३६. हजार लिटरच्या पुढे ५५. मोठा दिवा घेऊन प्रवाह कमी-जास्त करता येतो, छोट्या दिव्यातून डोस वाढवायचा तर प्रवाहच आवळावा लागतो. शंका असेल तर वरच्या मापाचा घ्या.

खरेदी करताना

तरंगलांबी २५४ किंवा २५३.७ नॅनोमीटर लिहिलेली असलीच पाहिजे. ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या जांभळ्या एलईडी पट्ट्या ३९५–४०५ नॅनोमीटरच्या असतात. त्या दिसतात छान, जंतूंवर त्यांचा नावापुरता परिणाम होतो. खरे यूव्ही-सी एलईडीही निघाले आहेत, साधारण २६५ ते २८० नॅनोमीटरचे. पण त्यांतून किती मिलिवॅट यूव्ही-सी निघतात हे उत्पादक सांगत नसेल तर मोठ्या टाकीसाठी त्यांच्या वाटेला जाऊ नका.

दिवा आणि पाणी यांच्यामध्ये स्वतंत्र क्वार्ट्झ स्लीव्ह हवी. साधी काच २५४ नॅनोमीटरचे किरण अडवते, क्वार्ट्झ ते जाऊ देतं. दिव्याचा सॉकेटही आधीच पाहून ठेवा: ९ आणि ११ वॅटला बहुधा दोन पिनांचा जी२३, तर १८, २४, ३६, ५५ वॅटच्या लांब जोडनळी दिव्यांना चार पिनांचा २जी११. हे दिवे दिवे विकणाऱ्या दुकानांतही मिळतात. अनोळखी बनावटीचा वेगळाच सॉकेट असेल तर वर्षाअखेरीस सुटा दिवा मिळणार नाही आणि अख्खं यंत्र टाकावं लागेल. सुटी स्लीव्ह आणि सुट्या ओ-रिंग (सांध्यातून गळती रोखणारी रबरी कडी) मिळतात का, हेही दुकानदाराला आत्ताच विचारा.

ओझोन तयार करणारे दिवेही बाजारात आहेत. ते १८५ नॅनोमीटरचे किरणही सोडतात. घरातल्या टाकीला ‘ओझोन-फ्री’ लिहिलेलाच दिवा घ्या.

घरातल्या जुन्या वॉटर प्युरिफायरची यूव्ही नळी वापरता येईल का, असं बरेच जण विचारतात. ती मिनिटाला एक-दोन लिटर पाण्यासाठी बनवलेली असते, म्हणजे तासाला जास्तीत जास्त १२० लिटर, आणि तिच्या तोंडाला पाव इंची नळी बसते. सहा फुटी टाकीसाठी हा प्रवाह फारच अपुरा. ५० लिटरच्या विलगीकरण टाकीला मात्र ती चालू शकते, तीही दिवा नवा घालूनच.

जोडणी

जागा ठरवताना एक नियम पाळा: यूव्हीत जाणारं पाणी आधी गाळलेलं हवं. गढूळ पाण्यातल्या कणांच्या सावलीत जंतू सुटतात आणि स्लीव्हवर घाण बसते. म्हणून कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर) असेल तर यूव्ही त्याच्या बाहेर पडणाऱ्या नळीवर लावतात.

पण ५०० लिटरच्या वरच्या टाकीला आमचा सल्ला यूव्हीसाठी वेगळा छोटा पंप लावण्याचा आहे. कॅनिस्टर तासाला १४०० लिटर देतो, यूव्हीला हवेत ४०० ते १०००. शिवाय कॅनिस्टर तुंबत जातो तसा त्याचा प्रवाह महिनाभर बदलत राहतो. वेगळ्या पंपाच्या तोंडाला जाड स्पंज लावला की प्रवाह तुमच्या हातात राहतो. कॅनिस्टरवरच लावायचं असेल तर नळीला टी (तीन तोंडांचा सांधा) बसवा, एका फाट्यावर यूव्ही, दुसऱ्यावर बॉल व्हॉल्व्ह घालून जादा पाणी सरळ टाकीत सोडा. कॅनिस्टरच्या नळ्या बहुतेक १२/१६ किंवा १६/२२ मिलिमीटरच्या असतात, यूव्हीची तोंडं त्याच मापाची घ्या.

सम्प (टाकीखालची फिल्टरची वेगळी टाकी) असेल तर पंप गाळणीनंतरच्या कप्प्यात ठेवा आणि यूव्हीतून आलेलं पाणी रिटर्न पंपाच्या (पाणी परत वर टाकीत चढवणाऱ्या पंपाच्या) कप्प्यात सोडा. घेणं आणि सोडणं एकाच कप्प्यात झालं तर तेच पाणी गोल फिरत राहतं. टाकीतून थेट घेत असाल तर एका कोपऱ्यातून घ्या, समोरच्या कोपऱ्यात सोडा.

मग पुढचा क्रम:

१. खोकं उघडल्यावर स्लीव्ह बाहेर काढून उजेडात धरा. केसासारखी चीर दिसली तर परत द्या. बोटांचे ठसे आयसोप्रोपिल अल्कोहोलनं स्वच्छ कापडावर पुसून घ्या. दिवाही काचेला हात न लावता, बुडाकडे धरूनच हाताळा.

२. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. व्हॅसलीन लावू नका, काही रबरं त्यानं फुगतात.

३. स्लीव्हचा नट हातानंच आवळा. पाना लावला की क्वार्ट्झ तडकतं, आणि ती चीर लगेच दिसत नाही, पंधरा दिवसांनी दिव्यात पाणी शिरल्यावर दिसते.

४. दिवा न घालता गळती तपासा. यूव्ही बादलीत किंवा टबमध्ये आडवा ठेवून पंपानं दोन-तीन तास पाणी फिरवा. सांध्यांभोवती आणि स्लीव्हच्या आत कोरडा टिश्यू पेपर ठेवा. टिश्यू ओला झाला तर सांधा सोडून ओ-रिंग पुन्हा बसवा.

५. टाकीच्या स्टँडमध्ये यूव्ही उभा लावा, पाणी खालच्या तोंडातून आत आणि वरच्या तोंडातून बाहेर. आडवा लावायचा असेल तर दोन्ही तोंडं वरच्या बाजूला येऊ द्या. आत हवा अडकली तर त्या भागातली स्लीव्ह कोरडी राहून तापते आणि त्या जागी डाग धरतात.

६. प्रत्येक नळीला होज क्लिप. दोन्ही बाजूंना बॉल व्हॉल्व्ह आणि जोडता-सोडता येणारं कपलिंग लावा. हे आज खर्चिक वाटेल, पण दर तीन महिन्यांनी स्लीव्ह साफ करताना अर्धी टाकी रिकामी करावी लागणार नाही.

७. प्रवाह मोजा. यूव्हीतून बाहेर येणारी नळी, टाकीत सोडता तेवढ्याच उंचीवर धरून, १० लिटरच्या बादलीत सोडा आणि मोबाइलवर सेकंद मोजा. ३६,००० ला त्या सेकंदांनी भागा, तासाचे लिटर मिळतात. बादली ३६ सेकंदांत भरली तर १००० लिटर, ९० सेकंदांत भरली तर ४००. पंपाच्या खोक्यावरच्या आकड्यावर विसंबू नका. उंची, वळणं आणि स्पंज यांमुळे तो बऱ्याचदा निम्म्यावर येतो.

८. आता दिवा घाला, झाकण बंद करा, पाणी फिरतंय याची खात्री करा आणि मगच बटण दाबा.

वीज, डोळे आणि कातडी

यूव्ही आणि त्याचा पंप एकाच बटणावर ठेवा. वीज गेली-आली की पंपात हवा अडकून तो बंदच राहतो आणि यूव्ही मात्र सुरू होतो, असं नेहमी घडतं. साचलेल्या पाण्यात दिवा तासन्‌तास चालला की आतलं पाणी तापतं आणि प्लॅस्टिक ठिसूळ होतं. त्यामुळे वीज आल्यावर टाकीकडे एकदा नजर टाकायची सवय लावा. इन्व्हर्टरवर फक्त एअर पंप आणि फिल्टर ठेवा. यूव्हीला त्यात जागा नको.

जोडणीला अर्थिंग असलेला तीन पिनांचा प्लग आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) असावी. ती नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या, मासे पाळणाऱ्या घरात ती असायलाच हवी. प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोळासारखी लोंबू द्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी सॉकेटमध्ये न जाता खालच्या टोकाला गळेल. बॅलास्टची (दिव्याला वीज पुरवणारी) पेटी स्टँडच्या तळाशी न ठेवता बाजूच्या फळीवर, पाण्याच्या सांध्यांपेक्षा वर लावा.

पेटलेल्या दिव्याकडे उघड्या डोळ्यांनी कधीही पाहू नका, एक क्षणही नाही. डोळ्यांना इजा होते, पण ती लगेच जाणवत नाही. काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखी जळजळ सुरू होते आणि रात्र वाईट जाते. वेल्डिंग पाहणाऱ्यांना होतो तोच हा त्रास. कातडीही भाजते. दिवा लागला की नाही हे पाहायला यूव्हीच्या तोंडांचं अर्धपारदर्शक प्लॅस्टिक पुरेसं आहे, तिथून निळसर उजेड दिसतो. झाकण उघडण्याआधी प्लग काढा, नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही. टाकीत उघडा सोडायचे यूव्ही दिवे घरात आणूच नका. त्यांच्यापुढे मासेही उघडे पडतात आणि मुलंही.

हिरव्या पाण्याचा आठवडा

यूव्ही सुरू करण्याआधी पाणी खरंच तरंगत्या शेवाळानं हिरवं आहे का, हे बघा. पारदर्शक ग्लासात टाकीचं पाणी रात्रभर ठेवा. सकाळी हिरवटपणा तसाच असेल तर शेवाळ. तळाशी गाळ बसून वरचं पाणी निवळ झालं असेल तर ती धूळ किंवा माती, तिथे गाळणी सुधारा. दुधाळ पांढरं असेल तर जिवाणूंची वाढ. यूव्ही त्यावरही चालतो, पण कारण जास्तीच्या खाण्यात किंवा मेलेल्या माशात असतं, ते आधी शोधा.

मग तीस टक्के पाणी बदला, प्रवाह हिरव्या पाण्याच्या मापाला आणा आणि चोवीस तास चालू ठेवा. टाइमर लावू नका, रात्री बंद करू नका. यूव्ही बंद असलेल्या तासांत शेवाळ पुन्हा जोर धरतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हिरवा रंग फिका, राखाडी होतो. तीन ते पाच दिवसांत टाकीची मागची भिंत स्पष्ट दिसायला हवी.

याच दिवसांत मासे दगावण्याचा धोका असतो, यूव्हीमुळे नव्हे, मेलेल्या शेवाळामुळे. ते कुजताना पाण्यातला ऑक्सिजन वापरला जातो आणि अमोनिया वाढतो. म्हणून एअर पंप पूर्ण वेळ, खाणं निम्मं, फिल्टरचा कापूस रोज धुवा. दोन दिवसांआड पंचवीस टक्के पाणी बदला, अँटिक्लोरीन घालूनच. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करायला लागले तर लगेच पाणी बदला.

पाणी निवळलं तरी टाकीवर खिडकीचं ऊन येत असेल किंवा दिवे बारा-बारा तास चालत असतील, तर यूव्ही बंद केल्याच्या आठवड्या-दोन आठवड्यांत पाणी परत हिरवं होईल. पडदा लावा, दिवे सात-आठ तासांवर आणा.

व्हाइट स्पॉट आणि यूव्हीची मर्यादा

महाराष्ट्रातल्या दुकानांत येणारे बरेच मासे चेन्नईच्या कोळत्तूर भागातून किंवा कोलकात्याहून लांबचा प्रवास करून येतात. दमलेल्या माशाबरोबर इक, म्हणजे व्हाइट स्पॉटचा परजीवी, सहज येतो. यूव्ही लावला म्हणजे नवा मासा सरळ मोठ्या टाकीत सोडायला हरकत नाही, असा समज आहे. तो सोडून द्या.

या परजीवीचं चक्र पाहिलं की कारण कळतं. माशाच्या अंगावरचा पांढरा ठिपका हा त्वचेखाली शिरलेला परजीवी. तिथे ना औषध पोचतं, ना किरण. वाढ झाल्यावर तो माशाला सोडून तळाशी बसतो, भोवती कवच करतो आणि आत शेकडो पिल्लं तयार होतात. कवच फुटल्यावर ही पिल्लं पाण्यात पोहत मासा शोधतात आणि त्यांना तो एक-दोन दिवसांत सापडला नाही तर मरतात. यूव्हीला मिळते ती फक्त या पोहण्याच्या काळातली संधी. पण मासा त्याच टाकीत, त्याच रेतीवर झोपलेला असतो, आणि कित्येक पिल्लं यूव्हीपर्यंत पोचण्याआधीच त्याच्यापर्यंत पोचतात.

म्हणजे यूव्ही पिल्लांची संख्या घटवतो, साथ सौम्य करतो, पण एकटा ती संपवत नाही. ठिपके दिसले की प्रवाह परजीवीच्या मापाला आणा, तापमान रोज एक अंश याप्रमाणे ३० अंशांपर्यंत न्या आणि हवा वाढवा. मीठ घालायचं असेल तर लिटरमागे १ ते २ ग्रॅम खडेमीठ, बादलीत विरघळवून, दोन-तीन दिवसांत हप्त्यांनी. झाडं, लोच आणि कोरिडोरससारखे मासे असतील तर एक ग्रॅमच्या वर जाऊ नका. रेती रोज सायफननं उपसा, कवचं तिथेच असतात. शेवटचा ठिपका गेल्यावरही हा क्रम आणखी आठवडाभर सुरू ठेवा.

नव्या माशाला वेगळ्या टाकीत तीन-चार आठवडे ठेवायचं ते ठेवायचंच.

कधी बंद ठेवायचा

औषध घातलं की यूव्ही बंद. मॅलाकाइट ग्रीन, मिथिलीन ब्लू, टेट्रासायक्लिन गटातली प्रतिजैविकं प्रकाशानं विघटित होतात, म्हणजे पैसे पाण्यात आणि आजार तसाच. औषधाचा कोर्स संपेपर्यंत बंद ठेवा, मग पाणी बदलून पुन्हा सुरू करा. झाडांच्या टाकीत खतातलं कीलेटेड लोह (झाडांना घेता येईल अशा रूपातलं लोह) यूव्हीनं तुटतं, त्यामुळे खत घातल्यावर किमान एक दिवस तरी बंद. अशा टाकीत यूव्ही कायम चालवण्यापेक्षा पाणी हिरवं झालं की आठवडाभर चालवणं आम्हाला जास्त पटतं.

माशांच्या पिल्लांना इन्फुझोरिया (पाण्यातले सूक्ष्मजीव) देत असाल तर त्या टाकीत यूव्ही नको, त्यांचं जेवणच मरेल. डिस्कससाठी बदामाची पानं किंवा लाकूड घालून पाणी चहाच्या रंगाचं केलं असेल, तर तो रंग यूव्ही-सी मोठ्या प्रमाणात शोषून घेतो. दिवा चालू राहील, डोस मात्र नावालाच मिळेल. दोन्हींतलं एक निवडा.

देखभाल

दिवा निळा पेटतोय म्हणजे काम करतोय, असं समजू नका. निळा उजेड टिकून राहतो, यूव्ही-सी मात्र हळूहळू घटत जातो. बहुतेक दिव्यांचं उपयोगी आयुष्य ८,००० ते ९,००० तास. चोवीस तास चालवला तर ९,००० तास म्हणजे ३७५ दिवस. म्हणून वर्षातून एकदा दिवा बदला आणि बदलल्याची तारीख मार्करनं यूव्हीच्या अंगावर लिहा. सतत चालू-बंद केल्यानं दिवे लवकर जातात. ३६ वॅटला बॅलास्ट धरून महिन्याला सुमारे २८ युनिट वीज लागते, त्याचाही अंदाज असू द्या. आणि यातली बरीचशी ऊर्जा पाण्यात उष्णता म्हणून जाते. विदर्भ-मराठवाड्याच्या मे महिन्यात टाकी आधीच ३२ अंशांवर असेल तर हेही ध्यानात घ्या.

बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या टाक्यांमध्ये स्लीव्हवर पांढरा क्षारांचा थर फार लवकर चढतो, गीझरच्या कॉइलवर चढतो तसाच. थर पातळ असला तरी तो किरण अडवतो. अशा घरी स्लीव्ह दर दोन महिन्यांनी काढा, महापालिकेचं मऊ पाणी असेल तर तीन-चार महिन्यांनी चालतं. लिटरभर पाण्यात दोन-तीन चमचे लिंबूसत्त्व विरघळवून त्यात स्लीव्ह तासभर बुडवा, मऊ कापडानं पुसा, साध्या पाण्यानं धुवा. पांढरं व्हिनेगरही चालतं. तारेची घासणी किंवा भांडी घासायची पावडर लावली तर क्वार्ट्झवर ओरखडे पडतात आणि पुढचा थर त्या ओरखड्यांतच लवकर बसतो. काम झाल्यावर ओ-रिंग वाकवून पाहा, ठिसूळ वाटली तर बदला. दिव्याजवळच्या नळ्यांचे पहिले काही सेंटिमीटरही तपासा, किरणांनी ते पिवळे आणि कडक होतात.

उपयोग दिसत नसेल तर

सात दिवसांत हिरवं पाणी निवळलं नाही, तर या क्रमानं तपासा. आधी बादली आणि सेकंद, कारण सर्वाधिक वेळा दोष प्रवाहातच सापडतो: स्पंज तुंबून प्रवाह शंभर-दीडशे लिटरवर आलेला असतो, किंवा मोठ्या पंपामुळे पाणी दिव्याजवळून धावत जात असतं. मग स्लीव्ह काढून उजेडात बघा. मग दिव्याची तारीख. मग पाण्याचा रंग, पांढऱ्या कपात घेऊन, पिवळट दिसला तर फिल्टरमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बन आठवडाभर ठेवा. शेवटी नळ्या: घेणारी आणि सोडणारी नळी शेजारी-शेजारी तर नाहीत?

यूव्हीत पाणी शिरल्याचं दिसलं, म्हणजे दिव्याभोवती थेंब किंवा वाफ, तर आधी मेन स्विच बंद करा, मगच हात लावा. स्लीव्ह चिरलेली असेल तर ती जोडता येत नाही, नवीच घ्या.

दिवा फुटला तर खोलीतून सगळ्यांना बाहेर काढा, पंखा बंद करून खिडक्या उघडा आणि पंधरा-वीस मिनिटं थांबा. आत काही मिलिग्रॅम पारा असतो. झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नका, त्यानं पारा पसरतो. हातमोजे घालून जाड पुठ्ठ्यानं तुकडे गोळा करा, बारीक चुरा चिकटपट्टीनं उचला, ओल्या कागदानं जागा पुसा आणि सगळं झाकणाच्या बरणीत बंद करा. ती बरणी आणि वर्षाअखेरचे जुने दिवे घंटागाडीत न टाकता ई-कचरा संकलन केंद्रात द्या. टाकीत फुटला असेल तर मासे दुसऱ्या पाण्यात हलवा, फिल्टर बंद करा आणि ते पाणी, रेती, कापूस बदलल्याशिवाय टाकी पुन्हा सुरू करू नका.